१.२० म्हणजे किती?

ऊसनोंदीच्या कागदावर ‘क्षेत्र १.२०’ असं लिहिलेलं असेल, तर बारामती-इंदापूरकडे त्याचे निदान दोन अर्थ होतात. शेतकरी आणि कारखान्यातर्फे ऊस नोंदवणारा चिटबॉय यांच्या हिशेबात तो आकडा म्हणजे एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर. सातबाऱ्यावर तोच आकडा म्हणजे एक हेक्टर वीस आर, म्हणजे तीन एकराला गुंठा-दीड गुंठा कमी. गावात यावरून कुणाचा घोटाळा होत नाही, कारण कागद कुणाचा आहे ते हातात घेताच कळतं. घोटाळा झाला तो मी उभ्या केलेल्या डेटाबेसमध्ये. तिथे कागद नव्हता, नुसता आकडा होता.

मी पुण्यात एका छोट्या कंपनीत डेटा इंजिनिअर आहे. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या ऊस उत्पादकांच्या प्लॉटची माहिती, मातीत पुरलेल्या सेन्सरची मापं आणि हवामान केंद्रांचे आकडे एकत्र करायचे आणि त्यावरून पाण्याचा, खताचा सल्ला मोबाइलवर पाठवायचा, हे आमचं काम. माझं घर इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. वडिलांचा ऊस गाळपाला जाताना बघत मोठा झालो. गुंठा, आर, पाळी, वाफसा हे शब्द मला कुणी शिकवावे लागले नाहीत. म्हणूनच पुढं जे सांगतोय ते मला जास्त लागतं. मला जे ठाऊक होतं, तेच मी डेटाबेसला सांगितलं नाही.

कामाच्या सुरुवातीला प्रश्न आला तो माहितीच्या आकाराचा. सेन्सर दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे, त्यांची माहिती पाठवण्याची तऱ्हा वेगळी. हवामान केंद्रं तिसऱ्याची. प्लॉटवर जाऊन माहिती भरणाऱ्या मुलांच्या ॲपमधला फॉर्म तर सारखा बदलत होता. आधी फक्त लागणीची तारीख आणि वाण होता. मग ठिबक आहे का हे आलं, मग लागण, खोडवा की निडवा, मग पाचट जाळलं की कुजवलं. जुन्या पद्धतीच्या टेबलात रकाने आधी ठरवावे लागतात आणि प्रत्येक रकान्यात काय बसेल तेही बांधून द्यावं लागतं: इथे तारीख, इथे पूर्णांक, इथे मजकूर. फॉर्ममध्ये एक सदर वाढलं की टेबल बदला, माहिती आत घेणारा प्रोग्राम बदला, पुन्हा चाचणी करा. आमच्यासारख्या चार जणांच्या टीमला ते झेपणारं नव्हतं.

क्लाउडवरच्या डेटाबेसांनी यावर तोड काढलेली आहे. एक असा रकाना, ज्यात जेसन स्वरूपातली अख्खी नोंद जशी आली तशी मावते. आत सदरांची नावं, त्यांच्यासमोर किमती, किमतीच्या आत पुन्हा याद्या, काहीही चालतं. स्नोफ्लेकमध्ये या प्रकाराला व्हेरिअंट म्हणतात, ॲमेझॉनच्या रेडशिफ्टमध्ये सुपर, गूगलच्या बिगक्वेरीत सरळ जेसन. पोस्टग्रेसमध्ये २०१२ साली जेसन प्रकार आला आणि २०१४ च्या अखेरीस जेसनबी. मायएसक्यूएलनं २०१५ मध्ये तेच केलं. अगदी अलीकडे, २०२५ मध्ये, स्पार्कच्या चौथ्या आवृत्तीतही व्हेरिअंट दाखल झाला. ज्या सोयीसाठी इतक्या जणांनी इतकी वर्षं मेहनत घेतली ती सोय खरीच आहे, तिच्याविषयी माझी तक्रार नाही.

मी स्नोफ्लेकचा व्हेरिअंट सुचवला. एकच टेबल, तीनच रकाने: नोंद कधी आली, कुठून आली, आणि ‘माहिती’. सहकारी मुलीनं विचारलं होतं की सदरांचे अर्थ कुठं लिहून ठेवायचे. मी म्हणालो, ‘आधी सगळं आत घेऊ, अर्थ नंतर लावू.’ बैठकीच्या टिपणात ते वाक्य माझ्या नावासमोर अजून आहे.

‘क्षेत्र’ हे सदर आमच्याकडे तीन वाटांनी येत होतं. पहिली वाट ॲपची. पोरगा बांधावर उभा राहून शेतकऱ्याला विचारायचा, शेतकरी सांगायचा ‘एक एकर ईस गुंठं’, आणि पोरगा गावाकडच्या सवयीनं १.२० टाइप करायचा. ॲप जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं. तिथे तो आकडा झाला, आणि आकडा म्हणून १.२० आणि १.२ यांत काहीच फरक नसल्यामुळं शेवटचं शून्य फोनमध्येच गळलं. आमच्यापर्यंत पोचला तो १.२. दुसरी वाट सातबाऱ्यावरून उतरवून घेतलेल्या नोंदींची. तिथे हेक्टर, आर आणि चौरस मीटर अशा तीन भागांत १.२०.०० असं येतं. दोन टिंबांचा आकडा होत नाही, म्हणून ते मजकूर म्हणून आत गेलं. तिसरी वाट एक्सेलच्या जुन्या याद्यांची, त्यांत कुणीतरी देवनागरीत ‘१ ए. २० गुं.’ असं नीट, सविस्तर लिहिलं होतं.

व्हेरिअंटनं तिन्ही घेतलं. रकाना आकड्यांचा असता तर दुसरी आणि तिसरी वाट पहिल्याच दिवशी अडली असती आणि मला उठून विचारावं लागलं असतं की बाबांनो, हे काय पाठवताय. इथे काहीच अडलं नाही. पहिल्या महिन्याच्या अहवालात ‘एकही नोंद नाकारली गेली नाही’ हे मी यश म्हणून लिहिलं.

मग खताच्या हिशेबासाठी मी त्या टेबलावर एक व्ह्यू लिहिला. क्षेत्र हे दशांशात वाच, जमलं नाही तर रिकामं सोड, आणि जे वाचता येईल ते एकर समज. दोन टिंबांवाली नोंद रिकामी झाली. देवनागरी अक्षरांतली, जी सगळ्यांत स्पष्ट होती, तीही रिकामी झाली. त्या शेतकऱ्यांना सल्लाच गेला नाही, आणि तो गेला नाही हेही आम्हाला कळलं नाही. उरलेल्यांचं त्याहून वाईट झालं. १.२ हा आकडा चार तऱ्हांनी वाचता येतो. दशांश एकर म्हणून वाचला तर ४८ गुंठे. एक एकर दोन गुंठे म्हणून ४२. गळलेलं शून्य परत लावलं तर ६०. हेक्टर-आर म्हणून वाचला तर जवळपास ११९. एकरी ४० टनांचा उतारा धरला की गुंठ्याला एक टन पडतो, म्हणजे एकाच प्लॉटचा अंदाज ४२ टनांपासून ११९ टनांपर्यंत कुठंही. आमच्या व्ह्यूनं ४८ घेतलं. दीड एकरवाल्या माणसाला आम्ही एक एकर आठ गुंठ्यांचं खत सांगत होतो.

हे आमच्या कुठल्या तपासणीत सापडलं नाही. आमची यादी ताडून बघायला कारखान्याच्या गट ऑफिसात नेली होती, तिथल्या शेतकी मदतनिसानं ती वाचता वाचता बोट ठेवलं. म्हणाला, “साहेब, ह्या प्लॉटला तुमी आठ गुंठं कुठनं आणलं? आमच्याकडं तर ईस हायत.” मी उभ्या उभ्या लॅपटॉप उघडला. जे दिसलं ते पहिल्या आठवड्यातही दिसलं असतं. टिंबानंतर दोन अंक असलेल्या नोंदींत ४० किंवा त्याहून मोठा आकडा जवळपास नव्हताच. १.१५ होते, २.२५ होते, ०.३५ होते, १.७५ नव्हता. दशांशात मोजलेल्या जमिनी अशा कधी नसतात. ४० गुंठ्यांचा एकर त्या आकड्यांत उघड उघड बसलेला होता. कुठला आकडा किती वेळा येतो एवढं मोजून बघायला पाच मिनिटं लागली असती. मी ते मोजलं नाही, कारण काही अडलंच नव्हतं.

आणि यातला मोठा भाग दुरुस्त करता आला नाही. शून्य फोनमध्ये गळलेलं. व्हेरिअंट त्याच्यापर्यंत जे पोचतं ते इमानानं सांभाळतो. जे पोचलंच नाही ते तो कुठून देणार? १.२ म्हणजे वीस की दोन, हे सांगणारी खूण कुठल्याच टेबलात नव्हती. पुन्हा बांधावर जाऊन विचारणं एवढाच उपाय होता.

दुसरी चूक मातीच्या ओलाव्याची. ती पहिलीपेक्षा भारी पडली, माझ्या ओळखीच्या माणसाला पडली.

मातीतला ओलावा मोजायच्या दोन प्रचलित रीती आहेत. एकीत मातीच्या एकूण घनफळात पाणी किती टक्के, ते मोजतात. आकडा जितका मोठा तितकी माती ओली. दुसरीत माती पाण्याला किती घट्ट धरून आहे, म्हणजे मुळांना ते ओढून घ्यायला किती जोर लावावा लागेल, ते किलोपास्कलमध्ये मोजतात. इथे उलटं असतं: आकडा मोठा म्हणजे माती सुकलेली. १० किलोपास्कलच्या आत माती चिंब असते. मध्यम जमिनीत ३० ते ६० च्या दरम्यान पाणी द्यायची वेळ येते, भारी काळ्या जमिनीत ६० ते १०० पर्यंत थांबता येतं. आमच्या एका कंपनीचे सेन्सर टक्के पाठवत, दुसरीचे किलोपास्कल. दोघांच्या नोंदींत सदराचं नाव मात्र एकच, ‘मॉइश्चर’, आणि एकक कुणीच पाठवत नव्हतं. ते यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत होतं. ती पुस्तिका माझ्या ड्रॉवरमध्ये होती.

दोन वेगळ्या रकान्यांत ही मापं उतरवायची असती तर रकान्याचं नाव ठरवताना एककाचा प्रश्न आपोआप समोर आला असता. व्हेरिअंटमध्ये दोन्ही एकाच नावाखाली शेजारी जाऊन बसले. मी नियम लिहिला: ‘मॉइश्चर’ अमुक आकड्याच्या खाली गेलं तर ‘पाणी द्या’, वर असेल तर ‘पाण्याची गरज नाही’.

आमच्या भावकीतले एक तात्या आहेत. त्यांच्या पूर्वहंगामी उसात किलोपास्कलवाला सेन्सर होता, माझ्याच आग्रहानं बसवलेला. उन्हाळी आवर्तन सुटलं होतं. टेलच्या माणसाला पाळी म्हणजे काय असते ते टेलच्याच माणसाला कळतं. पाण्याच्या मागणीचा सात नंबरचा अर्ज आधीच भरून ठेवायचा, वरच्यांचं भरणं उरकायची वाट बघायची, मग रात्री-अपरात्री कधीही चारीला पाणी येतं आणि दारं धरायला जावं लागतं. ती पाळी हुकली की पुढची कधी, याची खात्री कुणी देत नाही. तात्यांच्या प्लॉटमधला आकडा रोज चढत होता, पन्नास, साठ, सत्तर. माती सुकत चालली होती. आमची प्रणाली ते टक्के समजून वाचत होती आणि रोज सकाळी त्यांच्या फोनवर मजकूर जात होता: ‘मातीत पुरेसा ओलावा आहे. पाण्याची गरज नाही.’

तात्यांनी पाळी शेजाऱ्याला दिली.

पुढच्या रविवारी मी गावी गेलो तेव्हा दुपारच्या उन्हात त्यांचा ऊस पानं वळून उभा होता. सरीत भेगा पडलेल्या होत्या. मी विचारलं, “तात्या, पाणी का नाही दिलं?” ते माझ्याकडं बघत राहिले. “आरं, नको म्हणून तुझाच मेसेज आला की रोज. मला वाटलं, मशीन मातीच्या आत बघतंय, आपल्याला वरनं काय दिसतंय.” त्यांनी फोन काढून दाखवला, एकाखाली एक तेच वाक्य. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी उलट मलाच समजावलं की दे सोडून, विहिरीचं थोडं आहे, त्यावर तगवू.

या माणसानं चाळीसेक वर्षं मूठभर माती हातात दाबून वाफसा ओळखलेला आहे. त्या दिवशीही त्यांनी माती बघितली असणार आणि ती कोरडी आहे हे त्यांना कळलं असणार. तरी त्यांनी हातापेक्षा माझ्या मेसेजवर विश्वास ठेवला. ही गोष्ट मी अजून पचवू शकलेलो नाही. उसाचं काय झालं तर त्या फडाला फटका बसला, बरीच कांडी आखूड राहिली, वजन घटलं. त्याची किंमत तात्यांनी चुकती केली, मी नाही.

सत्तर टक्के ओलावा आमच्या काळ्या जमिनीत असूच शकत नाही. माती पूर्ण भिजून वर पाणी साचलं तरी घनफळाच्या साठ टक्क्यांच्या पुढं आकडा जाणं अवघड. ‘साठाच्या वर आलं तर थांब आणि कुणाला तरी विचार’ एवढी एक ओळ पुरली असती. आकड्यांच्या नेहमीच्या रकान्यात अशी मर्यादा घालायची मला सवय होती, अनेक कामांत मी ती घातलेली होती. व्हेरिअंट वापरताना ती सवयच सुटली. सगळं सैल ठेवायचं एकदा ठरवल्यावर घट्ट काय ठेवायचं याचा विचारच झाला नाही.

इथे मात्र व्हेरिअंटनं वाचवलंही. प्रत्येक मूळ नोंद जशीच्या तशी साठवलेली होती आणि त्यात सेन्सरचा मॉडेल क्रमांक होता, जो आम्ही कधी वापरला नव्हता. त्यावरून टक्केवाले आणि किलोपास्कलवाले एका संध्याकाळी वेगळे करता आले आणि मागचे सगळे सल्ले पुन्हा तपासता आले. ठरावीक रकान्यांचं टेबल असतं तर मॉडेल क्रमांक बिनकामाचा म्हणून आम्ही टाकून दिला असता. तपासल्यावर कळलं की असा उलटा सल्ला गेलेले तात्या एकटे नव्हते. बहुतेकांनी आमचं ऐकलं नव्हतं, डोळ्यांना दिसलं तसं पाणी दिलं होतं. त्यांना आम्ही फोन करून चूक सांगितली. एक बाई म्हणाल्या, “आमी कवाच बंद केलंय ते बघायचं.”

तिसरी गोष्ट मराठीच्या ‘ऱ’ची. बारामतीतून कऱ्हा नदी वाहते. तालुक्यात कऱ्हावागज नावाचं गाव आहे. आमच्या गाववार यादीत हे गाव तीनदा आलं, दिसायला जवळपास सारखंच, आणि तिथले शेतकरी तीन ठिकाणी वाटले गेले. याचं कारण संगणकाच्या आत आहे. युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे एक स्वतंत्र अक्षर म्हणून येतं. तेच अक्षर साधा ‘र’ आणि खाली नुक्ता अशा दोन खुणांनीही बनतं. आणि काही कीबोर्ड तिसराच मार्ग घेतात: र, हलन्त आणि न दिसणारी एक जोडखूण. पडद्यावर तिन्ही एकसारखे किंवा थोड्याशा फरकानं दिसतात, डेटाबेसच्या लेखी ते तीन वेगळे मजकूर. पहिले दोन युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमानं एक होतात. तिसरा त्या नियमानंही होत नाही, तो आपल्यालाच बदलून घ्यावा लागतो.

गावांच्या नावांचं निस्तरता आलं. पण एक्सेलच्या याद्यांतले मथळेच आमच्याकडे सदरांची नावं झालेले होते, आणि त्यातला एक मथळा ‘शेतकऱ्याचे नाव’. मी माझ्या कीबोर्डवर जो ‘ऱ’ येतो तो वापरून ते सदर मागवलं. ज्या याद्या दुसऱ्या ‘ऱ’नं टाइप झाल्या होत्या, त्यांच्यासाठी उत्तर रिकामं आलं. नेहमीच्या टेबलात रकान्याचं नाव एका अक्षरानं चुकलं तरी डेटाबेस तिथल्या तिथे थांबवतो आणि सांगतो की असा रकाना नाही. व्हेरिअंटमध्ये जे सदर नाही ते मागितलं तर तो रिकामी जागा देतो आणि पुढं जातो. इंग्रजी सदरांच्या बाबतीत लहान-मोठ्या लिपीचा फरक झाला तरी अशीच रिकामी जागा मिळते. एका कंपनीनं सेन्सरची आज्ञावली अद्ययावत केली तेव्हा एका सदराचं पहिलं अक्षर कॅपिटल झालं आणि तिथून पुढं आमचे आलेख सरळ रेषेत रिकामे झाले. हे सगळं डेटाबेसच्या दस्तऐवजात स्वच्छ लिहिलेलं असतं. मी ते वाचलेलंही होतं.

‘काही नाही’ याचेही दोन प्रकार असतात, ते मला असंच उशिरा उमगलं. जेसनमध्ये सदर आहे आणि त्यासमोर ‘नल’ लिहिलेलं आहे, ही एक गोष्ट. सदरच नाही, ही दुसरी. स्नोफ्लेकच्या व्हेरिअंटमध्ये पहिल्याला किंमत म्हणून धरतात, त्यामुळं मोजणी केली की ती मोजली जाते. बॅटरी संपलेल्या सेन्सरच्या नावावर ‘नल’ येत होतं आणि आमचा अहवाल सांगत होता की सगळे सेन्सर सुरू आहेत. आमच्याकडच्या तापमानाच्या सेन्सरचं आणखी वेगळं. त्यांची तार तुटली की त्यांच्या नावावर उणे १२७ अंश येतात, नुकतेच चालू झाले की ८५. हे आकडे मोजमाप नसून ‘मोजणं झालेलं नाही’ असा निरोप आहे, हे त्या यंत्रांवर काम करणाऱ्या कुणालाही माहीत असतं. आमच्या सरासरीत दोन्ही मिसळले. आणि खर्चाचं सांगायचं तर, स्नोफ्लेक व्हेरिअंटमधली वारंवार येणारी सदरं आतल्या आत वेगळी काढून ठेवतो, म्हणजे शोध झटपट होतो. पण एखाद्या सदरात कुठं आकडा, कुठं मजकूर असा मिसळा असेल किंवा त्यात ‘नल’ आलेला असेल, तर तो त्याला वेगळं काढत नाही, दरवेळी अख्खी नोंद उघडून वाचतो. आमचं ‘क्षेत्र’ आणि ‘मॉइश्चर’ दोन्ही त्यातलेच. त्या महिन्यांची बिलं बघून मी मोठं मशीन घ्या म्हणून अर्ज केला होता.

बारामतीजवळ माळेगावच्या शारदानगरला कृषी विज्ञान केंद्र आहे. अप्पासाहेब पवारांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचं ते केंद्र. मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीनं तिथे उसात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याचा प्रयोग झाला आणि २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी तो जगापुढं मांडला. आमच्या कामाचा त्या प्रयोगाशी काही संबंध नाही. पण त्याच्या मुळाशी असलेल्या मायक्रोसॉफ्टच्या फार्मबीट्स या प्रणालीची माहिती मी आमच्या कामाच्या आधी वाचली होती. तिथे सेन्सरचं मॉडेल नोंदवताना प्रत्येक मापाचं नाव, त्याचा प्रकार, एकक आणि ते मातीत किती खोलीवरचं आहे, हे आधी लिहून द्यावं लागायचं. तेव्हा मला हा निव्वळ सोपस्कार वाटला होता. छोट्या टीमला कुठं परवडतं, असं म्हणून मी ते पान मिटलं. आता ती चार सदरं बघितली की वाटतं, ज्यांनी हे लिहिलं त्यांनी कुठल्यातरी शेतात माझ्याआधी मार खाल्लेला असणार.

आम्ही व्हेरिअंट काढून टाकला नाही. मूळ नोंद अजूनही त्यातच जाते आणि तिला कुणी हात लावत नाही. पण सल्ल्याचं गणित आता त्याच्यावर थेट चालत नाही. मधे दुसरं टेबल आहे, घट्ट रकान्यांचं. क्षेत्राचा रकाना गुंठ्यांचा, पूर्णांक, आणि शेजारी तो कुठल्या कागदावरून आला त्याचं नाव. ओलाव्याचे दोन रकाने, एक टक्क्यांचा, एक किलोपास्कलचा, दोघांना वरची-खालची मर्यादा. जे या टेबलात बसत नाही ते वेगळ्या यादीत पडतं आणि ती यादी रोज सकाळी कुणीतरी माणूस वाचतो. ॲपमध्ये क्षेत्राचा एक चौकोन जाऊन दोन आले, एकर आणि गुंठे, आणि गुंठ्याच्या चौकोनात ३९ च्या वर टाइपच होत नाही. हा बदल सुचवला तो त्या शेतकी मदतनिसानं. सदरांच्या अर्थाची वही आहे, जी मागणाऱ्या मुलीला मी पहिल्या बैठकीत गप्प केलं होतं. ती आता तीच सांभाळते आणि तिच्या सहीशिवाय नवं सदर गणितात जात नाही.

तात्यांच्या शेतातला सेन्सर मी काढून आणायला गेलो होतो. त्यांनी काढू दिला नाही. “ऱ्हाऊ दे,” म्हणाले, “पर आता मी सांगतो आन् तू लिवून घे.” तेव्हापासून वाफसा आला की ते मला फोन करतात आणि त्या घडीचा सेन्सरचा आकडा मी टिपून ठेवतो. त्यांच्या जमिनीसाठी ‘पाणी द्या’ची रेघ आता त्या टिपणांवरून ठरते, पुस्तिकेवरून नाही. दुसऱ्या काही प्लॉटवरही आम्ही हेच सुरू केलंय. जिथे शेतकऱ्याचा फोन आणि सेन्सर यांचं पटत नाही, तिथे निर्णय होईपर्यंत मेसेज जात नाही.

एक काम उरलंय. १.२ सारख्या ज्या नोंदींचा अर्थ कागदावरून लागला नाही, त्यांना आम्ही ‘एकक माहीत नाही’ अशी खूण करून गणिताबाहेर ठेवलंय. काही प्लॉट त्या मुलांनी भरलेत जी आता नोकरी सोडून गेली आहेत, काही जमिनींच्या मधल्या काळात वाटण्या झाल्या आहेत. आडसाली लागणी सुरू व्हायच्या आत गट ऑफिसवाल्यांबरोबर ही यादी घेऊन सणसर, लासुर्णे, निमगाव केतकीच्या बाजूला घरोघर फिरायचं ठरलंय. तिकडून नीट आकडा मिळाला तर तो घट्ट टेबलात जाईल. मिळाला नाही तर ती खूण तशीच राहील, आणि त्या माणसाला खताचा सल्ला आमच्याकडून जाणार नाही.